सोमवारच्या अधिवेशनाआधी, जिल्हा परिषदेच्या पैशाविषयी

गुरुवारी, २६ जून २०२५ ला, शाहू जयंतीच्या सकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापुढे हात जोडून घरी आलो आणि वर्तमानपत्र उघडले. एका पानावर जिल्हा परिषदेच्या गट-गणांच्या, म्हणजे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांच्या, नव्या रचनेची बातमी होती. दुसऱ्या पानावर शक्तिपीठ महामार्गासाठी मंत्रिमंडळाने मंगळवारी मंजूर केलेल्या २० हजार ७८७ कोटी रुपयांची होती. आतल्या पानावर, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे ३० जूनपासून मुंबईत सुरू होणाऱ्या पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांविषयी, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मंजुरीविषयी, चार ओळी होत्या. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वार्ताहरांच्या असल्या तरी त्या एकाच पैशाच्या आहेत, आणि हा पैसा कुठून निघतो, कुठे जमा होतो आणि आपल्या गावात कोणत्या वाटेने परत येतो, हे समजून घेतल्याखेरीज त्यांपैकी एकही नीट कळत नाही. अधिवेशन तोंडावर आले आहे, म्हणून आजच हे लिहून ठेवतो.

मी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गावांमध्ये एकतीस वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. आता त्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. गावात लोक मात्र पूर्वीप्रमाणेच ‘भाऊसाहेब’ म्हणतात. ग्रामपंचायतीच्या लेख्यांचे नमुना १ ते ३३ एवढेच माझे अर्थशास्त्राचे शिक्षण. नमुना ८ मध्ये घरांची कर आकारणी, नमुना ९ मध्ये मागणी, नमुना १० म्हणजे हातात पडणारी पावती. मार्च महिन्यात घरफाळा वसुलीसाठी दारोदार फिरताना एका गावातल्या आजी दरवर्षी पैसे मोजून देत आणि दरवर्षी तेच म्हणत : “भाऊसाहेब, पावती द्या. पैसं गेल्यालं दिसाय पायजेत.” त्या आजींना हिशेब तपासायचा नव्हता, त्यांना लिहितावाचताही येत नव्हते, परंतु आपण दिलेल्या पैशाचा कागद आपल्या घरात असला पाहिजे ही त्यांची समज मला कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा मोठी वाटत आली आहे.

आधी जिल्हा परिषदेविषयी. कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या मागील सभागृहात ६७ सदस्य होते आणि त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे जून २०२५ पर्यंत, मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक आहेत, आणि बारा तालुक्यांच्या पंचायत समित्यांचा कारभार गटविकास अधिकारी पाहतात. पंचायतीची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असणार नाही आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेच्या कलम २४३ ई मध्ये स्पष्ट म्हटलेले असताना, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिल्यामुळे सव्वातीन वर्षे ही निवडणूक झालेली नाही. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढून चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे आदेश दिले, आणि त्यानंतर २०११ च्या जनगणनेच्या आधारे गट-गणांची रचना करण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयांकडे आले. गावागावांत सध्या जी कुजबुज आहे ती कोणते गाव कोणत्या गटात जाणार आणि गट खुला होणार की आरक्षित, याची. ते स्वाभाविक आहे. पण हे सभागृह नसल्याने गेल्या तीन वर्षांत जिल्ह्याचे काय गेले, याचा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

जिल्हा परिषद १ मे १९६२ रोजी सुरू झाली ती एक कार्यालय म्हणून नव्हे, तर ग्रामीण भागाचे विधिमंडळ म्हणून. अर्थ समितीचे सभापती मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडत, त्यावर सर्वसाधारण सभेत तास न् तास वाद होई, आणि शाहूवाडीच्या सदस्याला शिरोळच्या सदस्यापुढे आपल्या घाटातल्या रस्त्याची गरज पटवून द्यावी लागे. स्वनिधीतील, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील, वीस टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च झाली की नाही, हे विचारणारे लोक सभागृहात बसलेले असत. आता अंदाजपत्रक अधिकारी तयार करतात आणि त्याला मंजुरीही अधिकारीच देतात. प्रशासक म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका घ्यायची नाही. त्यांतील अनेकांना मी रात्री दहा वाजता फायली पाहताना पाहिले आहे. परंतु उत्तर देणारा आणि प्रश्न विचारणारा एकच असेल, तर प्रश्न विचारला जात नाही.

एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्यांत छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर भिंतींना भेगा दिसल्या, प्रस्ताव गेला, आणि त्या गटाच्या सदस्यबाईंनी सर्वसाधारण सभेत भिजून फुगलेली हजेरीची वही सर्वांसमोर दाखवली. पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला, पुन्हा त्याच खोल्या भिजल्या, पुन्हा प्रस्ताव गेला. या वेळी तो मंजुरीच्या वाटेवर असतानाच सभागृहाची मुदत संपली. मी निवृत्त होईपर्यंत त्या प्रस्तावाला चार स्मरणपत्रे गेली होती, प्रत्येक स्मरणपत्राला ‘निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर आले होते, आणि शेवटी गावाने लोकवर्गणी काढून एका खोलीचे छप्पर बदलले. महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या कायद्याच्या गावात पालकांनी शाळेच्या छपरासाठी वर्गणी काढावी, हे मला आजही सलते.

पैशाचा तोटा असाही झाला की तो मोजता येतो. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना प्रत्येकी १० टक्के असे वाटले जाते. हे अनुदान लोकनियुक्त सदस्य असलेल्या संस्थेलाच मिळावे, अशी अट आहे. त्यामुळे जिथे निवडणूक झाली त्या ग्रामपंचायतींना पैसे येत राहिले, आणि मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा वाटा अडकला. या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ रोजी संपतो आहे, म्हणजे निवडणूक जितकी लांबेल तितका हा निधी हातचा जाण्याचा धोका वाढतो. दुसरा तोटा जिल्हा नियोजन समितीत झाला आहे, जिला आपल्याकडे सगळे अजूनही डीपीडीसी म्हणतात. घटनेनुसार या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात. जिल्हा परिषद नाही, महापालिकेची मुदत तर नोव्हेंबर २०२० मध्येच संपली. मग समितीत उरतात ते पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. पालकमंत्री प्रकाश आबिटकर हे राधानगरी-भुदरगडच्या मातीतले आहेत, त्यांना वाड्यावस्त्या ठाऊक आहेत. पण गटातून निवडून आलेल्या सदस्यांच्या रिकाम्या खुर्च्या एका माणसाच्या माहितीने भरून निघत नाहीत.

आता राज्याच्या तिजोरीकडे येतो, कारण जिल्हा परिषदेला स्वतःचे असे उत्पन्न फार थोडे आहे. शेतसाऱ्यावरचा उपकर, ठेवींवरचे व्याज, काही गाळ्यांचे भाडे, आणि मुद्रांक शुल्काचा वाटा. जमीन महसूल एक रुपया असेल तर त्यावर जिल्हा परिषदेचा उपकर सात रुपये, असा हिशेब आम्ही तलाठ्यांकडून ऐकत आलो. ऐकायला मोठा वाटतो, पण मूळ साराच इतका कमी की सात पटीनेही हातात काही येत नाही. बाकी सगळे राज्याकडून किंवा राज्यामार्फत केंद्राकडून येते. म्हणून मुंबईत कोणता कर वाढला आणि कोणता घटला, हा गगनबावड्याच्या शाळेचाही प्रश्न आहे.

वस्तू व सेवा कराचा आकडा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठळक अक्षरांत छापला जातो. एप्रिल २०२५ मध्ये देशाचे संकलन २ लाख ३७ हजार कोटींच्या घरात गेले, जो ही करप्रणाली १ जुलै २०१७ रोजी सुरू झाल्यापासूनचा तोपर्यंतचा उच्चांक होता, आणि त्यात महाराष्ट्रातून जमा झालेली रक्कम ४१ हजार ६०० कोटींच्या आसपास होती. हा आकडा वाचून अनेकांना वाटते की इतके पैसे राज्याला मिळाले. तसे नाही. त्यात केंद्राचा कर, राज्याचा कर आणि आंतरराज्य व्यवहारांवरील कर असे सगळे एकत्र असते, आणि हा कर जिथे माल तयार होतो तिथे राहत नाही, जिथे तो वापरला जातो त्या राज्याकडे जातो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ओतलेला भाग तमिळनाडूतल्या कारखान्यात गेला, इचलकरंजीचे कापड राजस्थानात विकले गेले, तर त्यावरच्या कराचा राज्याचा वाटा शेवटी तिकडे जमा होतो. महाराष्ट्रासारख्या उत्पादक राज्याला यामुळे तोटा होईल म्हणूनच पहिली पाच वर्षे दरवर्षी १४ टक्के वाढ धरून भरपाई देण्याची तरतूद होती. ती जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतर राज्य स्वतःच्या पायावर उभे आहे, आणि मोठे शहर व मोठा ग्राहकवर्ग असल्यामुळे ते बऱ्यापैकी उभे आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र दर ठरवण्याचा अधिकार आता विधानसभेच्या हाती राहिलेला नाही, तो केंद्र आणि राज्यांच्या मिळून असलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेकडे आहे. हजार रुपयांच्या आतल्या कोल्हापुरी चपलेवरचा कर १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्क्यांवरून १२ टक्के झाला, तेव्हा सुभाषनगर आणि शिवाजी मार्केट परिसरातल्या कारागिरांना आपल्या आमदाराकडे जाऊन फार काही साधण्यासारखे नव्हते.

राज्याच्या स्वतःच्या हातात जे कर उरले आहेत ते थोडे आहेत : पेट्रोल-डिझेल आणि मद्यावरील मूल्यवर्धित कर, उत्पादन शुल्क, मुद्रांक व नोंदणी शुल्क, मोटार वाहन कर, वीज शुल्क, व्यवसाय कर. पैसे कमी पडले की सरकारचा हात याच खिशांत जातो, आणि या वर्षी तो कसा गेला हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

मुद्रांक शुल्कापासून सुरुवात करतो, कारण त्याचा गावाशी थेट संबंध आहे. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन-घरांच्या किमतींचे, दर दोन वर्षे स्थिर ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवण्यात आले, आणि कोल्हापूर महापालिका क्षेत्रात ही वाढ ५ टक्क्यांच्या थोडी वर आहे. ग्रामीण भागातील खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार जिल्हा परिषदेच्या नावाने घेतला जातो आणि त्यातून जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांना निम्मा-निम्मा वाटा मिळतो. पाचगाव, कळंबा, उचगाव अशा शहरालगतच्या गावांत जमिनींचे प्लॉट पडत आहेत, दस्त नोंदले जात आहेत, आणि तिथे ही रक्कम लक्षणीय असते. शाहूवाडी किंवा चंदगडच्या डोंगरी गावात वर्षाला दस्त होतात किती? म्हणजे ज्या गावाला आधीच घरफाळा कमी, त्याला हा वाटाही कमीच. शिवाय ही रक्कम आधी राज्याच्या खात्यात जमा होऊन नंतर अनुदान म्हणून परत येते, आणि ती कधी येईल हे अंदाजपत्रक करणाऱ्या ग्रामसेवकाला कधीच सांगता येत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे ‘मुद्रांक शुल्क अनुदान’ या शीर्षासमोर मागील वर्षाचा आकडा उतरवून ठेवत असे, कारण दुसरा आधारच नसे. करोनाच्या काळात घरबांधणी व्यवसायाला उठाव मिळावा म्हणून शहरांतील मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून डिसेंबर २०२० पर्यंत दोन टक्के आणि मार्च २०२१ पर्यंत तीन टक्के केले गेले होते, आणि दस्त नोंदणीसाठी रांगा लागल्या होत्या. दर कमी केल्याने व्यवहार वाढतात हे त्या वेळी सिद्ध झाले. आता कल उलट दिशेला आहे.

रेडी रेकनरचा दुसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. ग्रामपंचायतीचा घरफाळा आता भांडवली मूल्यावर आकारला जातो आणि त्या मूल्याचा पाया हाच दर आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी येते. तेव्हा मुंबईत मंत्रालयात ठरलेली टक्केवारी आजींच्या घराच्या पावतीवर उमटते, आणि शिव्या खातो तो गावचा सरपंच.

मद्यावरील उत्पादन शुल्काचा निर्णय १० जूनच्या मंत्रिमंडळ बैठकीत झाला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट, देशी मद्यावरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये, आणि धान्यापासून तयार होणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराची भर. या सगळ्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा सरकारचा अंदाज आहे. दारू महाग झाली तर बरेच झाले, अशी सामान्य माणसाची पहिली प्रतिक्रिया असते आणि ती चुकीची नाही. पण मी ज्या गावांत काम केले तिथे महिलांनी ग्रामसभेत ठराव करून, ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान मागून दुकाने बंद करण्यासाठी उन्हातान्हात सह्या गोळा केलेल्या मी पाहिल्या आहेत. राज्याचा खर्च जितका या शुल्कावर अवलंबून राहील, तितके त्या ठरावांना सरकारदरबारी पाठबळ मिळणे अवघड होईल, ही भीती मला वाटते. शिवाय आपला जिल्हा गोव्याच्या शेजारचा. आंबोली, फोंडा, करूळ आणि तिळारी या घाटांतून चोरट्या मार्गाने येणारी गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. दोन राज्यांच्या दरांतील अंतर वाढले की घाटातली ही वाहतूकही वाढते, आणि मग अंदाजलेल्या १४ हजार कोटींतले किती प्रत्यक्षात हाती येतील, हा प्रश्न राहतो. आजरा, चंदगड, राधानगरी आणि गगनबावड्याच्या बाजूने ही दारू अडवणाऱ्या तपासणी चौक्यांसाठी मनुष्यबळ किती वाढवणार, हे अधिवेशनात आपल्या आमदारांनी विचारावे असे मला मनापासून वाटते.

वाहन कराचे थोडक्यात सांगतो. मार्चच्या अर्थसंकल्पात सीएनजी व एलपीजीवरच्या खासगी चारचाकींचा कर एक टक्क्याने वाढला आणि महागड्या गाड्यांवरील कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. पूरक दस्तांसाठीचे शंभर रुपयांचे मुद्रांक शुल्क पाचशे झाले. ज्याला त्याला लहान वाटणाऱ्या या वाढी मिळून दिशा दाखवतात.

दिशा का वळली, याचे उत्तर खर्चाच्या बाजूला आहे. अजित पवार यांनी १० मार्चला मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा आहे. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात हीच तूट २० हजार ५१ कोटी धरलेली होती. एका वर्षात अंदाजित तूट दुपटीच्या पलीकडे गेली. राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्च भागवण्यासाठी काढावे लागणारे कर्ज, राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे आणि मार्च २०२६ अखेर अपेक्षित असलेले ९ लाख ३२ हजार कोटींचे कर्जही ठरलेल्या मर्यादेत बसते, असे सरकार सांगते आणि ते कागदावर खरे आहे. परंतु महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने यांसाठी घेतलेले कर्ज. रस्ता किंवा धरण बांधण्यासाठी काढलेल्या कर्जातून मागे काहीतरी उरते. घरखर्चासाठी काढलेल्या कर्जातून व्याज तेवढे उरते, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात समजते.

‘लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५-२६ या वर्षात ३६ हजार कोटी ठेवले आहेत. या योजनेविषयी बोलताना मला सावध राहावेसे वाटते, कारण दरमहा दीड हजार रुपये स्वतःच्या खात्यावर आल्यानंतर प्रथमच एकट्याने बँकेत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास मला खोटा वाटला नाही. माझा आक्षेप त्या पैशाला नाही. तो पैसा दुसऱ्या कोणाच्या ताटातून उचलला जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे. मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवल्यावरून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. शाहू महाराजांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा करणाऱ्या राज्यात वसतिगृहांचा पैसा वळता होत असेल, तर तो आदेश कोणी आणि कोणत्या अधिकाराने काढला, याचे उत्तर सभागृहात आलेच पाहिजे.

केंद्राकडून येणाऱ्या वाट्याचे गणितही याच वर्षी नव्याने मांडले जात आहे. केंद्रीय करांतील राज्यांना वाटल्या जाणाऱ्या ४१ टक्के रकमेपैकी महाराष्ट्राला २०२१-२६ या काळासाठी ६.३१७ टक्के ठरले होते. अरविंद पनगारिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळावा वित्त आयोग मे महिन्यात राज्यात येऊन गेला, तेव्हा हे ४१ टक्के ५० पर्यंत वाढवावेत अशी मागणी राज्याने केली. ती योग्यच आहे. फक्त जे राज्य दिल्लीकडे निम्मा वाटा मागते, त्याने स्वतः जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला देण्याचा वाटा वेळेवर द्यावा, आणि त्यासाठी असलेल्या राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी फायलीत ठेवू नयेत.

आता सोमवारच्या अधिवेशनाकडे. तीन आठवड्यांचे, १८ जुलैपर्यंतचे हे अधिवेशन गाजणार आहे ते जनसुरक्षा विधेयकावरून, पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून आणि आपल्याकडे शक्तिपीठ महामार्गावरून. हे विषय मोठे आहेत, त्यांवर बोलणारे जाणकारही पुष्कळ आहेत. नागपूर ते गोवा या ८०२ किलोमीटरच्या मार्गाला शिरोळपासून आजऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांचा विरोध का आहे, हे ज्याने पंचगंगेचा पूर पाहिला त्याला सांगावे लागत नाही : काळ्या सुपीक जमिनीत आणखी एक उंच भराव म्हणजे पाण्याला आणखी एक आडकाठी. मी इथे त्याच्या पैशाच्या बाजूकडे लक्ष वेधू इच्छितो. भूसंपादनासाठी मंगळवारी मंजूर झालेली रक्कम मुख्यतः कर्जाची आहे, आणि त्या कर्जाचे व्याज वर सांगितलेल्या महसुली खर्चातच येऊन बसणार आहे.

म्हणून माझी नजर पुरवणी मागण्यांवर आहे. अर्थसंकल्प मार्चमध्ये वाजतगाजत मांडला जातो आणि त्यावर चर्चा होते. पुरवणी मागण्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर ठेवल्या जातात आणि अनेकदा गोंधळात मंजूर होतात. २०२४-२५ या वर्षात जुलैमध्ये ९४ हजार ८८९ कोटी, डिसेंबरमध्ये ३५ हजार ७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६ हजार ४८६ कोटी अशा एकूण १ लाख ३७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ही रक्कम त्या वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या एक पंचमांशाहून मोठी आहे. माझ्या ग्रामपंचायतीने अंदाजपत्रकाबाहेर इतका खर्च केला असता तर लेखापरीक्षणात माझ्यावर परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, लागला असता आणि तो वगळून घेण्यासाठी मला निवृत्तीनंतरही हेलपाटे घालावे लागले असते. आपत्ती, न्यायालयाचे आदेश, केंद्राच्या योजनेचा अचानक आलेला हिस्सा यांसाठी पुरवणी मागण्या लागतातच. आपल्याच जिल्ह्यात दोन महापुरांनंतर मदत याच मार्गाने आली. पण जो खर्च मार्चमध्येच माहीत होता तो जुलैमध्ये मागणे हे नियोजन नव्हे.

याला जोडूनच शहराच्या हद्दवाढीचा उल्लेख करतो, कारण तोही शेवटी कराचाच प्रश्न आहे. १५ डिसेंबर १९७२ रोजी महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे. शहरवासीयांची मागणी न्याय्य आहे असे मी इथे राहून म्हणतो, आणि गावांचा विरोध समजण्यासारखा आहे असे तिथे नोकरी केल्यामुळे म्हणतो. जकात गेली, २०११ मध्ये आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि महापालिका आता राज्याकडून दरमहा येणाऱ्या वस्तू व सेवा कर भरपाईवर चालते. ही भरपाई दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते. हद्द वाढली तर नव्या गावांचा भार पेलण्यासाठी ही भरपाई वाढणार का, हे सांगितल्याशिवाय त्या गावांनी फक्त वाढीव घरफाळ्याच्या आशेवर शहरात यावे, असे म्हणता येत नाही. आणि हे सांगायला महापालिका आणि जिल्हा परिषद या दोन्ही बाजूंना लोकनियुक्त सभागृह सध्या नाही; हद्दवाढीची चर्चा मोर्चे आणि निवेदनांतूनच चालली आहे, हे दुर्दैव आहे.

पुरवणी मागण्यांचे पुस्तक वित्त विभागाच्या संकेतस्थळावर येते. जाडजूड असले तरी ते मराठीत असते आणि विभागवार अक्षरे दिलेली असतात. ग्रामविकास विभाग ‘एल’ या अक्षराखाली सापडतो. सोमवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा तीच पाने उघडणार आहे. जिल्हा परिषद शाळांच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम मागितली आहे का, मुद्रांक शुल्काच्या थकीत अनुदानाची तरतूद आहे का, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या अर्धवट राहिलेल्या कामांसाठी राज्याचा हिस्सा ठेवला आहे का, या तीन नोंदी मी शोधणार आहे. मिळतील ते आकडे मंगळवारी इथे लिहितो. ज्यांच्या गावात दुरुस्तीचा प्रस्ताव अडकलेला आहे त्यांनी त्याचा जावक क्रमांक आणि दिनांक काढून ठेवावा, म्हणजे गटाचा सदस्य निवडून येईल त्या दिवशी तो कागद त्याच्या हातात देता येईल. त्या शाळेच्या दुसऱ्या खोलीच्या प्रस्तावाची प्रत माझ्याकडे आहे. परवाच ती ट्रंकेतून काढून वर ठेवली.